खाकी मोज्यावरचं लाल फूल

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या त्या गल्लीत नलूबाईंच्या हातचं काहीच नाही असं एक घर दाखवावं कुणी! कुणाच्या टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, कुणाच्या देव्हाऱ्यात आसन, कुणाच्या बाळाच्या डोक्यावर टोपडं. मागितलं तर मिळायचं, न मागताही मिळायचं. पण हातमोजे? त्यांचं नाव काढायचं नाही. हातमोजे म्हटलं की नलूबाई चष्म्यावरून अशा काही बघायच्या, की मागणाऱ्यानं निमूटपणे टोपडं घेऊन घरचा रस्ता धरावा.

त्यामुळे नात गुंजन गुरुवारी दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आजी, मले हातमोजे करून दे ना. बोटं उघडे राहाले पाहिजेत," तेव्हा तिची आई ज्योत्स्ना पोळी लाटता लाटता थांबली.

"बाजारात भेटते ना," नलूबाई म्हणाल्या.

"बाजारातल्यानं बोटं झाकून जाते. मंग मशीनचं बटन दाबता येत नाई. अन् थंडी पाह्यली का कशी पडून राह्यली? सोमवारी सकाळी सहाची ड्यूटी आहे माही. पहिली!"

पोरगी एसटीत कंडक्टर झाली होती. आणि नशिबानं पहिलीच गाडी मिळाली ती वर्धा–समुद्रपूर. तोच रस्ता, ज्या रस्त्यावर तिच्या आबाजींनी, म्हणजे नलूबाईंच्या मालकांनी, बाबारावांनी, अख्खी नोकरी काढली आणि घंटीची दोरी ओढून ओढून झिजवली. बाबाराव जाऊन सहा वर्षं झाली होती. आज ते असते तर नातीच्या खाकी ड्रेसला स्वतः इस्त्री करत बसले असते.

"रुमाल सांग, स्वेटर सांग, हातमोजे मी करत नाई," नलूबाईंनी विषय संपवला.

"पण काऊन?"

"काऊन म्हंजे? नाई करत म्हंजे नाई करत."

काऊन ते नलूबाईंना पक्कं ठाऊक होतं. पंचेचाळीस वर्षं झाली, तरी त्या गोष्टीचा टाका सैल पडला नव्हता.

लग्नानंतरची ती पहिली थंडी. समुद्रपुरात दोन खोल्यांचं भाड्याचं घर, घरात नवरा, सासू आणि एकवीस वर्षांची नलू. बाबारावांची सकाळची पहिली गाडी. पत्र्याची तिकिटाची पेटी काखोटीला मारून तो अंधारातच निघायचा आणि दुपारी आला की बोटं अशी आखडलेली, की पाण्याचा लोटा धरवायचा नाही. कुणीतरी लोकरीचे हातमोजे दिले होते, पण ते घातले की तिकीट फाटायचं नाही. एकाच्या जागी तीन निघायची. मोजे काढले की हात गारठायचे. हे सारं तो हसत हसत सांगायचा. नलू मात्र ऐकून मनाशी काही ठरवत होती.

तिनं त्याचा जुना खाकी स्वेटर उसवला. माहेरून आणलेला स्वतःचा लाल मफलरही उसवला. सुई घेऊन बसली. सासू यशोदाबाई चुलीपाशी बसून बघायची आणि जाता-येता ऐकवायची, "सुनबाईले पोळी गोल येत नाई, अन् फुलं विणून राह्यली! बाप्पा, काय काय पाहा लागते या डोळ्यानं!" नलूच्या नाकाला मिरची झोंबायची, पण ती बोलायची नाही. बोलायचं ते सुईनं, असं तिचं होतं. माहेरी सगळे म्हणायचे, नलूचे दोन नग शेजारी ठेवले तर देवालाही फरक सांगता यायचा नाही. क्रोशाच्या साखळ्या मोजून, खांबाचे टाके मोजून, ओळ न ओळ सारखी. सुई उजव्या हातात, आणि दर चार ओळींनी काम डाव्या हातावर घालून माप बघायचं. मनगटाकडे लांब पट्टी, अंगठ्याला भोक, बोटं मोकळी, आणि वरच्या बाजूला एक टप्पोरं लाल फूल.

अकराव्या दिवशी मोजे झाले. पहाटे चहाच्या वेळी तिनं ते त्याच्यासमोर धरले. सासू चुलीपाशी होतीच.

"पाहून घ्या," नलू सासूला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "टाका न टाका मोजून केला. दोन्ही अगदी एकसारखे."

बाबारावानं डावा घातला. मूठ उघडली, मिटली, फुलाकडे पाहिलं आणि लहान पोरासारखा हसला. मग उजव्या हातात दुसरा घालायला घेतला, आणि अर्ध्यावर थांबला. नलूकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. "अरे, गाडी लागली असंन," असं म्हणत त्यानं मोजा खिशात कोंबला, पेटी उचलली आणि गेला.

नलू दिवसभर हवेत होती. संक्रांतीला माहेरी जायला निघाली ती मुद्दाम त्याच्याच गाडीनं. तिसऱ्या सीटवर पदर सावरून बसली. म्हटलं, बघू तरी लोक काय म्हणतात. कंडक्टरसाहेब तिकिटं देत देत आले. डाव्या हातावर फूल कसं झळकत होतं! आणि उजवा हात? ज्या हातानं तो चारचौघांना तिकीट देत होता, त्या हातावरचा मोजा उलटा. आतली बाजू बाहेर. गाठी दिसतायत, धाग्यांची टोकं लोंबतायत, आणि फूल आत दडपलेलं.

"उजव्या हाताचं फूल काऊन लपवलं?" तिनं रात्री परत आल्यावर विचारलं.

तो हसला. "लपवलं कुठं? कामाचा हात आहे, मळलं असतं ना."

मळलं असतं म्हणे! नलूला काय कळायचं ते कळलं. घरात कौतुक करायला बायकोचं फूल चालतं, चार लोकांपुढे हात करायचा तर त्याची लाज वाटते. सासू बोलली ते टोचलं होतं, पण हे तर आत जाऊन रुतलं. आठ दिवस ती बोलली नाही. नवव्या दिवशी बोलायला लागली, पण हातमोजे पुन्हा करायचे नाहीत हे तिनं मनात पक्कं करून टाकलं.

तो मात्र ती जोडी दर थंडीत घालायचा. आपल्या हातानं धुवायचा, वाळवायचा, पेटीत ठेवायचा. नलूनं त्या मोज्यांना बोटसुद्धा लावलं नाही. दिवाळी सरली की तो हळूच विचारायचा, "नलू, यंदा एखादी नवी जोडी होते का?" आणि ती भाजी चिरता चिरता म्हणायची, "बाजारात भेटते." तो हसायचा, तीच जुनी काढायचा. पुढे पोरं झाली, वर्ध्याला घर झालं, सासू गेली, पण हे दोन वाक्यांचं नाटक काही बंद पडलं नाही. अगदी शेवटच्या वर्षीसुद्धा, रिटायर होऊन इतकी वर्षं लोटल्यावरही, खाटेवर पडल्या पडल्या त्यानं विचारलं होतं. नलूबाईंनी तेच उत्तर दिलं होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तशातली गत. माणूस गेला, पीळ राहिला. पत्र्याची पेटी माळ्यावर गेली ती गेलीच.

तर गुंजन. ती हट्ट करणारी पोरगी नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी तिनं जुने पायमोजे घेतले, कात्रीनं त्यांचे पंजे उडवले आणि हातात चढवून मशीनची बटणं दाबण्याची प्रॅक्टिस करत ओसरीत बसली.

नलूबाईंनी पाहिलं आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"पायातले मोजे हातात? अन् त्याच हातानं लोकाइले तिकीट देशीन? लाज नाई वाटत?"

"मंग काय करू आजी? तू त करत नाई."

"लोकं काय म्हणतीन, नलूबाईची नात हातात पायमोजे घालते! आणा लोकर कुणीतरी."

ज्योत्स्ना हसू दाबत बाजारात पळाली. खाकीला जवळचा म्हणून मातकट रंगाचा एक गुंडा घेऊन आली. नलूबाईंनी फर्मान सोडलं, "लाल बी पाहिजे."

"लाल कशाले आई? साधेच करा ना. ड्रेसवरचे आहेत."

"फूल राहीन," नलूबाई म्हणाल्या. "घालाचं असंन त घालंन, नाईतर नाई."

ज्योत्स्ना पुन्हा बाजारात गेली. हा काय प्रकार आहे हे तिला समजलं नाही, पण नलूबाईंना समजत होतं. त्यांना बघायचंच होतं. एकानं झाकलं. आता रक्ताची नात काय करते ते बघू. हिनंही झाकलं, तर मग हात धुऊन सुई ठेवून द्यायची. कायमची.

शनिवार-रविवार बाई हलल्या नाहीत. बोटांची पेरं सुजलेली, सुई धरली की अंगठ्यातून कळ यायची. पण हात एकदा चालायला लागला आणि गंमत झाली, डोक्यात साठवलेला राग बाहेर येण्याऐवजी भलतंच काही यायला लागलं. समुद्रपूरच्या खोलीतली चूल. बाबारावांच्या शर्टाला येणारा डिझेलचा वास. तो घरी आला की खिशातून बोरं काढायचा, कुठल्यातरी म्हातारीनं गाडीत दिलेली. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया गाडीत चढल्या की त्यांची गाठोडी स्वतः वर ठेवायचा, आणि घरी येऊन त्यांच्या नकला करायचा, तेव्हा सासूसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. सुई उजव्या हातात, माप डाव्या हातावर. चार ओळी, माप. चार ओळी, माप. माणूस चांगला होता, नलूबाई मनाशी म्हणाल्या. त्या एका फुलाचंच तेवढं राहून गेलं.

रविवारी दिवेलागणीला त्यांनी जोडी गुंजनच्या हातात ठेवली. "टाका न टाका मोजून केला. दोन्ही एकसारखे."

"आजी! काय भारी झाले व!" गुंजननं डावा घातला, फुलावरून बोट फिरवलं. मग दुसरा उजव्या हातात घालायला गेली आणि अर्ध्यावर थांबली. आईकडे पाहिलं. आजीकडे पाहिलं. "उद्याच घालीन," असं म्हणून तिनं दोन्ही बॅगेत टाकले. "आज कशाले मळवू?"

हे थांबणं नलूबाईंनी आधी कुठंतरी पाहिलं होतं. पण विचार करायला वेळ नव्हता, जेवायची पानं वाढायची होती.

सोमवारी पहाटे साडेपाचला घरातले सगळे वर्ध्याच्या बसस्टँडवर. तोंडातून वाफा निघत होत्या. ज्योत्स्नानं लेकीला ओवाळलं, ड्रायव्हरलाही कुंकू लावलं. नलूबाई ठरवूनच आल्या होत्या: पहिलं तिकीट आपलं. समुद्रपूरला जायचं आणि त्याच गाडीनं परत यायचं. त्या चढल्या आणि तिसऱ्या सीटवर जाऊन बसल्या.

गाडी गावाबाहेर पडली. गुंजन मशीन घेऊन सगळ्यात आधी तिसऱ्या सीटपाशी आली. "बोला आजी, कुठं?"

"समुद्रपूर. एक अर्धं," नलूबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

गुंजननं मशीनमधून तिकीट काढून उजव्या हातानं पुढे धरलं. हातावर फूल नव्हतं. मोजा उलटा. गाठी बाहेर, धाग्यांची टोकं बाहेर.

नलूबाईंचा हात तसाच राहिला.

"तुले बी लाज वाटली ना?" त्या म्हणाल्या. आवाज बारीक ठेवायचा होता, पण राहिला नाही. समोरच्या सीटवरचे म्हातारबुवा मान वळवून बघू लागले.

"कायची लाज?"

"फुलाची! लोकाइपुढं हात कराचा त फूल लपवते. तुह्या आबाजीनं बी असंच केलं होतं. फूल काऊन लपवलं, सांग मले!"

गुंजन क्षणभर गोंधळली. मग तिनं मशीन काखेत धरली आणि आजीच्या शेजारी टेकली.

"आजी, लपवलं नाई व. सांगणार नव्हती तुले, वाईट वाटंन म्हणून. दोन्ही डावेच केले तू."

"काय केले?"

"डावे. दोन्ही डाव्या हाताचे. हा पाह्य." तिनं उजवा मोजा काढून सुलटा केला आणि पुन्हा उजव्या हातात घातला. अंगठा भोकात गेला आणि लाल फूल गपकन तळहातावर आलं. "असं घातलं त फूल मुठीत येते. मशीन कशी धरू? म्हणून उलटवला. उलटा केला की बराबर बसते उजव्यात. फूल आतून राह्यते, पण हातावरच राह्यते."

समोरचे म्हातारबुवा म्हणाले, "बरोबर बोलते पोरगी." त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या थांब्याला माणसं चढली आणि गुंजन उठून गेली. नलूबाई आपल्या डाव्या हाताकडे बघत बसल्या. त्यांच्या उजव्या हाताला सुई धरायची सवय, म्हणून माप कायम डाव्यावर. पहिल्याचं डाव्यावर, दुसऱ्याचंही डाव्यावर. एकसारखे, एकसारखे म्हणून मिरवलं, आणि माणसाचे दोन हात एकसारखे नसतात एवढं साधं डोक्यात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आणि त्याला कळलं होतं. त्याच पहाटे, चुलीपुढे उभं असताना, अर्ध्यावर थांबला तेव्हाच. "दोन्ही डावे झाले," एवढं तोंडातून निघालं असतं तर यशोदाबाईंनी ते मरेपर्यंत अख्ख्या समुद्रपुराला सांगितलं असतं. म्हणून त्यानं मोजा खिशात घातला, आणि बाहेर जाऊन उलटा करून हातात चढवला. तिची चूक झाकली होती त्यानं. फूल नव्हतं झाकलं. आणि नंतर? नंतर सांगायला नलूनं जागाच कुठं ठेवली होती? आठ दिवस अबोला, आणि मग जन्मभर "बाजारात भेटते."

बाहेर उजाडत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची पांढरी शेतं पळत होती. नलूबाईंना आधी राग आला, तो स्वतःचा. मग बाबारावांचा. "अवो, एका शब्दानं सांगाचं त होतं," त्या काचेकडे तोंड करून पुटपुटल्या, आणि मग मात्र त्यांना रडू आवरलं नाही. पुढं समुद्रपूर येईपर्यंत त्यांनी पदर डोळ्यांवरून काढला नाही.

घरी पोहोचल्यावर त्यांनी ज्योत्स्नाला पहिलं काम सांगितलं ते माळ्यावरची पेटी काढायचं. पत्र्याचं झाकण गंजलं होतं, दोघींनी मिळून उघडलं. आत तिकिटाचा पंच, एक शिट्टी, आणि घडी घालून ठेवलेली ती जोडी.

डाव्या मोज्यावरचं फूल ऊन, धूळ आणि साबण खाऊन पार विटलं होतं. लाल म्हणायचं म्हणून लाल. उजवा अजून उलटाच होता. नलूबाईंनी तो हळूहळू सुलटा केला.

फूल लालभडक होतं. त्यांच्या माहेरच्या मफलरचा रंग, जसाच्या तसा.

ज्योत्स्ना काहीतरी विचारत होती, पण त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी मोजा पुन्हा उलटवला आणि आपल्या उजव्या हातात घातला. आतून फुलाच्या पाकळ्या, मधली गाठ, सगळं हाताच्या पाठीला लागलं. थोडं टोचलं. मग ऊब आली. इतक्या थंड्या हा माणूस हे असं हातावर दाबून तिकिटं फाडत होता, आणि घरी येऊन नवी जोडी मागत होता.

दुपारी तीनला गुंजन आली. खांद्यावरची बॅग उतरवता उतरवता तिनं पाहिलं, तर आजी ओसरीत बसलेली, मांडीवर मातकट लोकर. चार ओळी झाल्या की आजी सुई उजव्या हातातून डाव्या हातात घेत होती आणि काम उजव्या हातावर घालून बघत होती.

"आजी! माहा उजवा करून राह्यली का?"

"तुहा बी करीन," नलूबाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही, टाके मोजायचे होते. "आधी त्याइचा होऊ दे. लय वर्षाचा मागून राह्यला होता माणूस."